दोन रुपये, एक बाजू

सोमवारी एमआयडीसी बंद.
त्या दिवशी माझं दुकान चालतं.
रिचार्ज, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स.
पोरं अंघोळ करून येतात, केसांना तेल लावून,
तरी कानाच्या पाळीमागं काळी वाळू राहतेच.
फौंड्रीची वाळू. साबणाला दाद देत नाही.

लखिंदर त्यातलाच. झारखंडचा,
दुमक्याच्या पुढं कुठंतरी.
गावाचं नाव त्यानं दोनदा सांगितलं,
दोन्ही वेळा माझं मशीन चालू होतं.
शिरोलीत पत्र्याच्या एका खोलीत सोळा जण:
आठ झोपतात तेव्हा आठ साचे ओतत असतात.
अंथरूण गार पडायला सवडच मिळत नाही.

आधार कार्डाची प्रत हवी होती.
मूळ कार्ड कुठाय, विचारलं.
ठेकेदाराच्या कपाटात, म्हणाला.
हरवू नये म्हणून.

मी गप्प बसले.
माझा धाकटा भाऊ मस्कतला आहे.
त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतो,
आणि आई शेजारणीला कौतुकानं सांगते,
बघा, किती काळजी घेतात तिथं.

लखिंदरकडं होती ती प्रतीची प्रत,
घडीवर फाटलेली, चिकटपट्टीनं जोडलेली.
खोलीमालकानं एक ठेवून घेतली, सिमवाल्यानं एक,
चौकीत एक, आणि एक का घेतली ते त्यालाही ठाऊक नाही.
उरलेल्या प्रतीची हा पुन्हा प्रत काढतो.
दर खेपेला चेहरा जरा काळवंडलेला.
आता दोन कानांच्या मधे
नुसता डांबराचा ठिपका.

दीदी, जरा साफ निघंल का?

शाई कमी केली.
कपाळ आलं. एक डोळा आला.
फोटो काढताना ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू आलं.
पण बारा आकड्यांतले पाच उडाले.
शाई वाढवली.
आकडे आले, हसू गेलं.

दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.
त्यानं फार वेळ घेतला नाही.
नंबरवाला द्या.

सुट्टीला कुठं जातोस, म्हटलं, रंकाळ्यावर?
नाही, स्टेशनात. दहा रुपयांचं फलाटाचं तिकीट काढून
रूळ संपतात तिथवर चालत जायचं.
आमच्याकडं रूळ दोन्हीकडं जातात, म्हणाला,
इथं एकाच बाजूला.
बरंय. परत जाताना चुकायची भीती नाही.
हसला. मीही हसले, जरा उशिरानं.

मग जा की एखाद दिवशी.
जाता येतं की. ठेकेदारही म्हणतो, जा,
तुला कुणी बांधलंय?
उचल तेवढी फेड, हिशोब दिवाळीनंतर करू.
किती फिटली ते त्याच्या वहीत.
कुठली दिवाळी, ते वहीतही नाही.

गणपती उठले तसा तो आला नाही.
मग एका सोमवारी त्याचा नारिंगी टी-शर्ट आला,
आत दुसराच पोरगा. मिसरूड नुकतं फुटलेलं.
लखिंदर कुठाय रे?
गेला.
गावाकडं?
खांदे उडवले त्यानं.
अंथरूण रिकामं होतं, एवढंच त्याला माहीत.
कागलकडं दुसऱ्या फौंड्रीत गेला असंल,
आजारी पडला असंल,
किंवा खरंच रूळ धरून चालत सुटला असंल.
पोरानं खिशातून घडी घातलेला कागद काढला.
हा अजून बराच स्पष्ट होता.

वाया गेलेले कागद मी फेकत नाही.
पाठकोऱ्या बाजूवर उधारी मांडते:
माने, रिचार्ज एकोणीस. कुंभारांची पोर, फोटो आठ.
परवा लिहिता लिहिता पंख्यानं कागद उलटला
आणि कपाळ दिसलं, एक डोळा,
ते दाबून धरलेलं हसू.
नंबर नाही.
कुठल्या कचेरीत चालायचा नाही असला कागद.

तोवर मागच्या बाजूला
अर्धी बेरीज झाली होती.
बाकीची दुसऱ्या कागदावर केली.